सॅडलबॅगमधलं विमान

लेहमधलं एक गेस्टहाउस, रात्रीचे साडेनऊ. सगळे गरम पाण्याच्या बादलीची वाट बघत बसलेले. माझ्या मांडीवर लॅपटॉप, त्याला जोडलेली पोर्टेबल हार्ड डिस्क, आणि तिच्यावर दिवसभराचं शूटिंग उतरवायला घेतलेलं. तेवढ्यात ती वाजली. टिक्. मग जराशी घरघर, आणि पुन्हा टिक्. मनाली सोडल्यापासूनचे चार दिवस होते तिच्यात. ‘टॅपेट वाजतायत,’ आमच्यातला एक जण म्हणाला. एरवी हसले असते.

पुण्यात परतल्यावर ती डिस्क घेऊन डेटा रिकव्हरीवाल्याकडे गेले. त्यानं कानाला लावून हलवली, नारळात पाणी आहे का बघतात तशी, आणि विचारलं, ‘‘मॅडम, ही कुठं होती?’’

‘‘लेहला. बाइकवर.’’

‘‘चालवली तिथं? मग बरोबर आहे,’’ तो म्हणाला आणि डिस्क परत दिली.

मला ते ‘बरोबर आहे’ चांगलंच लागलं. नक्की काय बरोबर आहे, हे शोधता शोधता बाइकवर न्यायचा छोटा संगणक कसा निवडावा, हा प्रश्न किमतीचा आणि रॅमचा न राहता हवेचा, धातूचा आणि इलेक्ट्रॉनचा होऊन बसला.

हार्ड डिस्कच्या डबीत आरशासारखी लखलखीत चकती असते. लॅपटॉपमधली साधी चकती मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. तिचा व्यास साधारण साडेसहा सेंटीमीटर. हिशेब मांडून बघा: चकतीची कड ताशी पासष्ट किलोमीटरच्या आसपास पळत असते. पानशेतच्या रस्त्यावर माझी बाइकही एवढीच पळते. ही पळते बिस्किटाच्या पुड्याएवढ्या डबीत.

चकतीवर एक बारीक दांडी पुढेमागे सरकते. तिच्या टोकाला वाचणारं-लिहिणारं हेड असतं, आणि ते चकतीला टेकत नाही. चकती फिरताना स्वतःबरोबर हवा ओढते आणि त्या हवेवर हेड उडतं. ‘उडतं’ हा शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाहीये. हेडची खालची बाजू हवेवर तोलून राहील अशी मुद्दाम घडवलेली असते, आणि त्यातले इंजिनिअर खरोखरच ‘उड्डाणाची उंची’ असा शब्द वापरतात. ही उंची असते काही नॅनोमीटर. माणसाचा केस सत्तर-ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो. म्हणजे या विमानाच्या वाटेत एखादा केस आला, तर त्याच्यासाठी तो सह्याद्रीच म्हणायचा.

या विमानाला हवा लागते. म्हणून साध्या हार्ड डिस्कच्या डबीला सुईच्या टोकाएवढं एक भोक असतं आणि शेजारी ठळक इंग्रजीत ताकीद असते, की हे भोक झाकू नका. भोकाच्या आत गाळणी असते. तिच्यातून आतली हवा बाहेरच्या हवेशी दाब जुळवत राहते. पुण्यात दोघी समसमान. पण बाइक चढायला लागली की आतली हवाही विरळ होत जाते, आणि हवा विरळ झाली की हेड खाली उतरतं. साध्या हार्ड डिस्कच्या माहितीपत्रकात चालवण्याची कमाल उंची बहुधा ३,००० मीटरच्या आसपास दिलेली असते. लेह गावच ३,५०० मीटरवर आहे. खारदुंग ला खिंडीतल्या जुन्या फलकावर १८,३८० फूट लिहिलं होतं, मोजणीनं ती १७,५८२ फूट भरते. पण हे आठशे फूट कमी धरले तरी हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर आलेला असतो. पुण्याहून नेलेलं वेफर्सचं पाकीट तिथं उशीसारखं फुगतं, ते याच कारणानं. पाकीट फुगलेलं आपल्याला दिसतं, आणि तिथं डिस्क चालू केली तर डबीत एक विमान जमिनीला घासायच्या बेतात असतं, ते दिसत नाही.

(मोठ्या डेटा सेंटरमधल्या बऱ्याच डिस्कमध्ये आता हवेऐवजी हेलियम भरून डबीला वेल्डिंग करतात. भोकाचा प्रश्नच मिटला. पण त्या डिस्क बाइकवर नेण्याच्या आकाराच्या नसतात.)

उंचीचा हा सोस मला चार्जरपर्यंत घेऊन गेला. घरात असतील तेवढे चार्जर उलटे करून बघा. एखाद्यावर, सीईच्या आणि कचरापेटीच्या खुणांच्या गर्दीत, एक छोटासा डोंगर छापलेला सापडेल आणि त्याच्याजवळ ‘२००० मी’ असा आकडा. हा चार्जर दोन हजार मीटरच्या वर वापरण्यासाठी तपासलेला नाही, असा त्याचा अर्थ. चार्जरला डोंगराची भीती कसली? तर ठिणगीची. आत २३० व्होल्टची बाजू आणि आपल्या हाताशी येणारी बाजू यांच्यामध्ये काही मिलिमीटरचं अंतर ठेवलेलं असतं, आणि त्या अंतरातली हवा हेच काही ठिकाणी इन्सुलेशन असतं. हवा विरळ झाली की इलेक्ट्रॉनला वाटेत अडवणारे रेणू कमी होतात. तो जास्त लांब पळतो, जास्त वेग घेतो आणि ठिणगी सहज पडते. फ्रिड्रिख पाशेन या जर्मन शास्त्रज्ञानं १८८९ मध्ये या हिशेबाचा नियम मांडला. एकोणिसाव्या शतकातला तो नियम आज माझ्या चार्जरच्या पोटाखाली डोंगर होऊन बसलाय, हे कळल्यावर मी घरातले सात चार्जर उलटे केले. दोघांवर डोंगर निघाला.

एवढं झाल्यावर मी निवडीचा एकच निकष ठरवला. दुकानात गेलं की पहिला प्रश्न: याच्या आत काही हलतं का?

आज बहुतेक लॅपटॉपमध्ये चकती नसते, एसएसडी असते. तिच्यात हलतात ते फक्त इलेक्ट्रॉन, आणि त्यांची गोष्ट चकतीच्या विमानाहून अजब आहे. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये दावोन कांग आणि सायमन झे या दोघांनी एक कल्पना मांडली. सिलिकॉनवर धातूचा एक कप्पा ठेवायचा, पण चारही बाजूंनी इन्सुलेटरनं बंद करून, कुठल्याही तारेला न जोडता. तरंगता कप्पा. जेवणानंतरच्या चीजकेकचे थर बघताना हे सुचलं, असं झे सांगत. आता दार नसलेल्या खोलीत इलेक्ट्रॉन जाणार कसा? पुरेसा व्होल्टेज दिला की तो भिंतीतून पलीकडे निघतो. भिंत फुटत नाही की तडकत नाही. इलेक्ट्रॉन अलीकडे असतो आणि मग पलीकडे असतो. क्वांटम भौतिकीत याला ‘टनेलिंग’ म्हणतात, पण बोगदा कुठं नसतोच. व्होल्टेज काढून घेतला की तो आत अडकतो आणि वर्षानुवर्षं तिथंच राहतो. आत इलेक्ट्रॉन आहेत की नाहीत, किती आहेत, हीच तुमची नोंद. पुढे १९८०च्या दशकात तोशिबामधल्या फुजिओ मासुओका यांनी यातून ‘फ्लॅश’ मेमरी घडवली. एका फटक्यात पुसलं जाणं कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखं वाटलं, म्हणून त्यांच्या एका सहकाऱ्यानं हे नाव सुचवलं.

नखाएवढं एक टेराबाइटचं मायक्रोएसडी कार्ड हातात घ्या. वजन अर्ध्या ग्रॅमहून कमी. एका कप्प्यात तीन बिट मावतात असं धरलं तर त्यात अडीच लाख कोटींहून जास्त बंद खोल्या भरतात. त्या खोल्या खारदुंगला नेल्या काय किंवा हर्णेच्या किनाऱ्यावर नेल्या काय, हवेशी त्यांचं देणंघेणं नाही. ४के चित्रण ६० मेगाबिटनं केलं तर तासाला २७ जीबी लागतात, म्हणजे एवढ्याशा कार्डात सदतीस तासांचा रस्ता बसतो. २००७ मध्ये असूसनं ‘ई पीसी’ हा सात इंची, किलोपेक्षा हलका छोटा लॅपटॉप काढला, तेव्हा बाइकवाल्यांनी त्याच्यावर उड्या मारल्या, कारण त्यात चकती नव्हती, चार जीबी फ्लॅश होती. आजच्या हिशेबात चार जीबी म्हणजे चित्रणाची नऊ मिनिटं. तेवढ्यात आपण चहाच्या टपरीवरून हेल्मेट घालून निघतोसुद्धा.

चकती गेली, पण पंखा राहिला. विरळ हवा पंख्यालाही दगा देते. पाती तेवढीच फिरतात, पण हवेच्या प्रत्येक झोतात रेणू कमी असल्यामुळे उष्णता कमी वाहून जाते. शिवाय पंखा म्हणजे बारीकसा व्हॅक्यूम क्लीनर. पँगाँगच्या वाटेवरची पिठासारखी धूळ तो मनापासून आत ओढतो. म्हणून बिनपंख्याचं यंत्र घ्यावं. टॅबलेट जवळपास सगळेच बिनपंख्याचे असतात, हलक्या लॅपटॉपमध्येही आता असे मिळतात. व्हिडिओ एडिट करताना ते गरम होऊन मंदावतात, हे खरंय. पण तंबूत बसून चित्रपट कापायचाय कुणाला?

आता इंजिन. माझी बाइक एका सिलिंडरची आहे. मिनिटाला ४,००० फेऱ्यांवर तिचा पिस्टन सेकंदाला सहासष्ट वेळा वरखाली होतो, आणि ती थरथर हँडल, टाकी, कॅरिअर सगळीकडे पोहोचते. दिवसभर चालवून उतरलं की हात झिणझिणत राहतात, ते हेच. २०२१ मध्ये अॅपलनं स्वतःच जाहीर केलं, की ताकदवान मोटरसायकलची विशिष्ट कंपनं आयफोनचा कॅमेरा बिघडवू शकतात. कारण बघा. फोटो हलू नये म्हणून कॅमेऱ्यातलं भिंग स्प्रिंगवर टांगलेलं असतं. फोन हलला की जायरोस्कोप सांगतो आणि चुंबक भिंगाला उलट्या दिशेनं ढकलतो. हात हलण्याच्या वेगासाठी बनवलेली ही नाजूक व्यवस्था इंजिनच्या तालावर तासन्‌तास नाचत राहते. थोडक्यात, इथंही तेच: आत हलणारं काहीतरी होतं. तेव्हापासून हँडलच्या होल्डरवर मी जुना, साध्या कॅमेऱ्याचा फोन लावते.

संगणकाच्या आतही कंपनं काम करतात. स्लॉटमध्ये खोचलेली रॅम आणि एसएसडी यांचे सोनेरी दात खाचेत सूक्ष्म घासत राहतात, आणि स्क्रू ढिले होतात. लॅपटॉपचा एखादा स्क्रू भिंगाखाली धरलात तर आट्यांवर निळा लेप दिसेल. तो नायलॉनचा असतो, स्क्रू फिरून बाहेर येऊ नये म्हणून लावलेला. गॅरेजवाला इंजिनच्या बोल्टला निळं लॉकटाइट लावतो, त्याच जातीचा हा उपाय. आणि इथं मला एक गंमत कबूल करायला हवी. रॅम बोर्डावर कायमची डकवून टाकतात म्हणून मी एरवी कंपन्यांना शिव्या घालते. दुरुस्ती करता येत नाही, वाढवता येत नाही. पण बाइकवर न्यायला तोच डकवलेला बोर्ड उत्तम. खोचलेलं काही नाही, तर निखळणार काय?

जाहिरातीत ‘मिलिटरी ग्रेड’ दिसलं की जरा थांबायचं. मिल-स्टँडर्ड-८१० या अमेरिकन लष्करी मानकातल्या एका चाचणीत वस्तू चार फुटांवरून २६ वेळा पाडतात. सव्वीसच का? कुठल्याही डब्याला सहा बाजू, बारा कडा आणि आठ कोपरे असतात. बेरीज करा. इतकी शाळकरी, सुंदर भूमिती लष्कराच्या कागदात बघून मला आनंदच झाला. पण त्याच कागदात या सव्वीस आपट्यांसाठी पाच नगांपर्यंत वापरायची मुभा आहे. म्हणजे एकाच लॅपटॉपनं सगळे सव्वीस सोसले, असं समजू नका. आणि ‘पास’चा शिक्का मारणारं कुठलं लष्करी कार्यालय नाही, कंपनी चाचणी करते आणि सांगते. जलरोधकपणाचा आयपी आकडा त्यापेक्षा कामाचा. पहिला अंक ६ असला तर धूळ आत जात नाही, दुसरा पाण्याचा. तरी ताम्हिणीतल्या जुलैसमोर माझा भरवसा आयपीवर कमी आणि किराणा दुकानातल्या जाड प्लॅस्टिकच्या पिशवीवर जास्त आहे. दोन पिशव्या, तोंडं विरुद्ध दिशांना.

वीज कुठून आणायची, हा पुढचा भाग, आणि मला सगळ्यात लोभस वाटणारा. बाइक देते साधारण चौदा व्होल्ट. लॅपटॉपला हवेत वीस. कमी व्होल्टेजमधून जास्त कसं निघेल? शेतावर पाट बघितला असेल तर समजायला सोपं. पाणी जोरात वाहतंय आणि अचानक फळी टाकली, की पाणी फळीशी उसळून वर चढतं. चार्जरमध्ये तारेचं एक वेटोळं असतं. त्यातून प्रवाह वाहू द्यायचा आणि एकदम तोडायचा. वाहत्या प्रवाहाला थांबणं मंजूर नसतं, तो व्होल्टेज वाढवून वाट काढतो. सेकंदाला लाखो वेळा ही फळी टाकायची आणि काढायची, उसळी साठवत जायची. झाले वीस व्होल्ट.

त्याआधी बोलणीही होतात. यूएसबी-सीची वायर जोडली की पहिल्यांदा मिळतात फक्त पाच व्होल्ट. मग त्या वायरमधल्या एका वेगळ्या तारेवर चार्जर सांगतो, माझ्याकडे पाच आहेत, नऊ आहेत, पंधरा आहेत, वीस आहेत, इतके अँपिअर. लॅपटॉप त्यातलं एक मागतो. चार्जर ‘मान्य’ म्हणतो, व्होल्टेज चढवतो आणि ‘तयार’ असं कळवतो. तुमचा हात वायरवरून निघायच्या आत देण्याघेण्याची यादी ठरलेली असते. यात एक अडचण मात्र असते. स्टार्टर दाबला की बाइकचा व्होल्टेज क्षणभर बुडतो, चार्जर दचकतो आणि बोलणी मोडतात. म्हणून इंजिन चालू झाल्यावरच वायर जोडायची. ४५ वॅटचा चार्जर बाइककडून साडेतीन-चार अँपिअर ओढतो, जुन्या हॅलोजन हेडलाइटपेक्षा कमी. बॅटरीपासून फ्यूज टाकून थेट वायर ओढून घ्यावी, सिगारेट लायटरचं सॉकेट खड्ड्यांत उडतं. आणि सरचूसारख्या ठिकाणी रात्री पारा शून्याखाली गेला की चार्जिंग बंद. थंडीत लिथियमच्या आयनांना इलेक्ट्रोडच्या आत शिरायला वेळ लागतो, मागचे येत राहतात आणि बाहेरच धातू होऊन साचतात. ते नुकसान कायमचं. माझा टॅबलेट स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी झोपतो.

आकाराबद्दल सगळे इंचांत बोलतात. मी कीबोर्डाच्या उजव्या कडेला बघते. सात-आठ इंची लॅपटॉपमध्ये जागा वाचवायला उजवीकडची चिन्हांची बटणं अर्धी करतात किंवा भलतीकडे हलवतात. इंग्रजी लिहिणाऱ्याला अर्धविराम आणि चौकटी कंस दिवसातून किती वेळा लागणार? पण इनस्क्रिप्टनं मराठी लिहिणाऱ्याचे तिथं च, ट, ड आणि य राहतात. चहा, घाट, डोंगर, टायर, यात्रा. बाइकवरून उतरल्यावर लिहायचे सगळे शब्द त्या कडेला! एका गोंडस सात इंची यंत्रावर मी ‘चढ’ हा शब्द लिहायला तीन प्रयत्न केले आणि ते दुकानदाराला परत दिलं. पूर्ण कीबोर्डात एका बटणाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत १९ मिलिमीटर असतात. सतरापर्यंत बोटं सांभाळून घेतात, त्याखाली मराठीला दम लागतो.

या सगळ्याचा मूळपुरुष दुचाकीवरच बसलेला सापडतो. स्टीव्हन रॉबर्ट्स नावाचा अमेरिकन लेखक १९८३ मध्ये ओहायोतून निघाला, रेलून बसायच्या सायकलवर, सोबत ‘टीआरएस-८० मॉडेल १००’ हा वहीएवढा संगणक. आठ ओळींचा पडदा, चार पेन्सिल सेल, त्यावर वीसेक तास. त्यात चकती नव्हती, पंखा नव्हता. संध्याकाळी सार्वजनिक फोनवरून तो मजकूर पाठवायचा. असे सोळा हजार किलोमीटर केले त्यानं. पुढे त्यानं हँडलमध्येच बटणं बसवली, पॅडल मारता मारता टाइप करायला, आणि मग मोह वाढत जाऊन जी शेवटची सायकल बनवली तिचं वजन २६० किलोवर गेलं. माझी बाइक तिच्याहून हलकी आहे. मी त्याच्याकडून पहिली सायकल घेतली आणि शेवटची सोडली.

म्हणजे काय घेतलं? दहा इंची बिनपंख्याचा टॅबलेट, वेगळा सतरा मिलिमीटरचा कीबोर्ड, दोन छोट्या एसएसडी, रोज रात्री दोन्हीवर एकेक प्रत. एक टँकबॅगमध्ये, दुसरी मैत्रिणीच्या बाइकवर. ज्यांना लिहायचं नाही, नुसती कार्डं रिकामी करायची आहेत, त्यांना फोन आणि एक एसएसडी पुरे, तीन-चारशे ग्रॅममध्ये भागतं. यंत्र टँकबॅगमध्ये ठेवायचं, कारण मागच्या कॅरिअरचं टोक खड्ड्यात सगळ्यात जास्त उडतं. पाठीवरच्या सॅकमध्ये तर नकोच, पडलो तर ते मणक्यात घुसतं. फक्त टँकबॅग चुंबकाची असेल तर एक बघा. झाकण मिटलंय की उघडंय हे टॅबलेटला झाकणातला चुंबक सांगतो, आणि बॅगेचे चुंबक त्याच्या कानात दिवसभर काहीबाही सांगत राहतात. माझा टॅबलेट रोहतांगच्या अलीकडे उठायचा, पलीकडे झोपायचा. आता तो पूर्ण बंद करूनच ठेवते.

मागच्या स्पितीच्या सफरीहून घरी आल्यावर टँकबॅग उलटी करून झटकली. धूळ पडली, काझामधल्या हॉटेलचं बिल पडलं, आणि एक स्क्रू. दाण्याएवढाही नाही, आट्यांवर निळा लेप तसाच. टॅबलेटला कुठं स्क्रू दिसत नाहीत, कीबोर्डाचे सगळे जागेवर आहेत, एसएसडीच्या डब्या चिकटवलेल्या आहेत. सगळं चालतंय. स्क्रू एका काचेच्या बाटलीत टेबलावर ठेवलाय.